घर रंगवून झालं, आता उरलेल्या डब्यांचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचं रंगकाम झालं. गॅलरीत मागे राहिलेत ते प्लॅस्टिक पेंटचे चार डबे, कुठे अर्धा तर कुठे नुसता तळाला. पांढऱ्या ऑइल पेंटचा अर्धा डबा. टर्पेंटाइनची बाटली, थिनरचा कॅन आणि दरवाज्यांना मारलेलं मेलामाइन पॉलिश, हार्डनरसकट (म्हणजे ते घट्ट करायला त्यात मिसळतात तो द्रव). शिवाय माळ्यावर मागच्या रंगकामाचे दोन गंजके डबे निघाले. पेंटर म्हणाला, मोरीत ओतून टाका. भंगारवाला भरलेले डबे घेत नाही, घंटागाडीवाल्यांनीही नाही म्हटलं. मग करायचं काय?

मी रंगकामाचे ठेके घेतो. काम संपल्यावर मालकाच्या गॅलरीत असंच सगळं उरलेलं वर्षानुवर्षं बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी: मोरीत काही ओतू नका. बाकीचं सावकाश करता येतं. झाकण घट्ट असलेला डबा सावलीत चार महिने राहिला तर काही बिघडत नाही, पण मोरीत गेलेला रंग परत काढता येत नाही.

आता डबे वेगळे करा. तुमच्याकडे दोनच जाती आहेत, पाण्यातला रंग आणि तेलातला रंग. प्लॅस्टिक पेंट, डिस्टेंपर, बाहेरच्या भिंतीचा इमल्शन, वॉटर बेस प्राइमर हे सगळे पाण्यातले. ऑइल पेंट, रेड ऑक्साइड (लोखंडाला आधी मारतात तो प्राइमर), वॉर्निश, मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश), टर्पेंटाइन, थिनर हे तेलातले. लेबल फाटलं असेल तर डब्याच्या कडेला 'पाण्याने पातळ करा' की 'टर्पेंटाइनने' असं काही लिहिलंय का ते बघा. तेही नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन काडीने रंगाचा एक थेंब टाका आणि ढवळा. पाण्यातला रंग दुधासारखा पसरतो. तेलातला गुठळी होऊन राहतो, काडीला नाहीतर काचेला चिकटतो, पाण्यात मिसळत म्हणून नाही. या दोन जातींची वाट शेवटपर्यंत वेगळी आहे. 'सगळं एका डब्यात करून देऊन टाकू' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. त्याने पाण्यातल्या चांगल्या रंगाचाही घातक कचरा होतो.

पाण्यातल्या रंगापासून सुरुवात करू, कारण तोच जास्त उरतो आणि तोच सहज मार्गी लागतो.

झाकण उघडून वास घ्या. ताज्या इमल्शनला, म्हणजे प्लॅस्टिक पेंटला, किंचित अमोनियासारखा वास येतो. सडक्या अंड्यासारखा किंवा आंबूस घाण वास आला, वर काळी-हिरवी बुरशी दिसली, तर तो रंग भिंतीवर नेऊ नका. खोलीतला वास महिनोन्‌महिने जात नाही. वास ठीक असेल तर वरची सुकलेली साय काढून टाका, लाकडी पट्टीने तळापासून ढवळा आणि जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळा. ढवळल्यावर एकजीव झाला तर रंग चांगला आहे. दह्याच्या चोथ्यासारखा फुटलेलाच राहिला तर त्याची वाट पुढे सांगतो.

चांगल्या रंगाची उत्तम विल्हेवाट म्हणजे तो मारून टाकणं. प्रत्येक सोसायटीत अशी जागा असते जिला कुणी नवा डबा आणणार नाही: मीटर रूम, जिन्याखालची कोंदट जागा, वॉचमनची केबिन, पंप हाऊस. पांढरा, क्रीम, फिकट पिवळा असे एकाच जातीचे उरलेले इमल्शन एकत्र केले की बरा बदामी रंग तयार होतो आणि या जागांना तो शोभतो. दोन पथ्यं पाळा. बाहेरच्या भिंतीच्या रंगात बुरशीनाशक जास्त असतं, तेव्हा तो मिसळलेला रंग झोपायच्या खोलीत किंवा लहान मुलं असतात तिथे वापरू नका. आणि डिस्टेंपर इमल्शनमध्ये मिसळून बाहेर मारू नका. एका पावसाळ्यात धुऊन जाईल. गावाकडे जिल्हा परिषदेच्या शाळेची कंपाउंड भिंत, तुळशी वृंदावन, कुंड्या, यांना लिटर-दोन लिटर सहज लागतो. कुणाला देताना मात्र विचारून द्या, डब्यावर तारीख आणि जात लिहा. संपायला आलेले, अर्धे वाळलेले डबे शाळेच्या व्हरांड्यात नेऊन ठेवणं म्हणजे आपला कचरा त्यांच्या दारात टाकणं. तसं करू नका.

गणपतीच्या मखराला, पुठ्ठ्याच्या सजावटीला उरलेला इमल्शन चालतो. विसर्जन होणाऱ्या मूर्तीला घरचा कुठलाही उरलेला रंग लावू नका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचना विषारी रंग टाळा असंच सांगतात, आणि इमल्शन असो की ऑइल पेंट, पाण्यात जाण्यासाठी तो बनवलेलाच नसतो.

मोरीत का नको, तेही समजून घ्या, कारण 'पाण्याचाच तर रंग आहे' हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो. पाणी हा त्यातला फक्त एक भाग. बाकी टायटॅनियम डायऑक्साइड, खडूची भुकटी, अ‍ॅक्रिलिकचा चिकट द्रव, म्हणजे थोडक्यात पातळ प्लॅस्टिक, आणि डब्यात रंग सडू नये म्हणून घातलेलं जंतुनाशक. हे जंतुनाशक सेप्टिक टँकमध्ये गेलं की मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाच मारतं. चिकट द्रव पाइपच्या वळणात साचतो, त्यावर केस आणि साबणाची मळी धरते. पावसाच्या गटारात ओतलात तर तो कुठल्याही प्रक्रियेविना थेट नाल्यात, खाडीत किंवा नदीत जातो. कोकणात आणि गोव्यात तर आणखी काळजी घ्यायला हवी. जांभा दगड सच्छिद्र असतो, शोषखड्ड्यात गेलेलं पाणी झिरपत शेजारच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतं. त्या भागात काम असलं की ब्रश धुतलेलं पाणीसुद्धा मी विहिरीच्या बाजूला टाकू देत नाही.

आता फुटलेला, वास मारणारा किंवा कुणालाच नको असलेला पाण्यातला रंग. याचा घट्ट गोळा करायचा, मग द्यायचा. पातळ रंग कधीही कचऱ्यात देऊ नका. गाडीत कचरा दाबला जातो, झाकण उडतं आणि रंग गाडीत काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर, डोळ्यात जातो.

सुताराकडून लाकडाचा भुसा आणा, फुकट मिळतो. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात दुधाच्या पिशव्या कापून अस्तर लावा, किंवा जुनी पसरट घमेली घ्या. त्यात रंग ओता आणि साधारण तेवढाच भुसा मिसळा. काठी उभी राहील इतका गोळा झाला पाहिजे. बोटभर जाडीचाच थर ठेवा, कारण जाड थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. दाबला की पचकन फुटतो. उन्हाळ्यात गच्चीवर दोन-तीन दिवसांत खडखडीत होतो, पावसाळ्यात आठ दिवसांतही होत नाही. तेव्हा हे काम मार्च ते मेमध्ये उरका. भुसा नसेल तर उरलेली वॉल पुट्टी, प्लॅस्टर ऑफ पॅरिस किंवा जुनं सिमेंट आणि कोरडी वाळू चालते. रंगकामात पुट्टीची अर्धी गोणी उरतेच, आणि ती एरवी दमट हवेत दगड होऊन फुकट जाते. मुलं, मांजरं, कबुतरं तिथे जाणार नाहीत अशी जागा बघा. वाळलेला गोळा वेगळ्या पिशवीत बांधा, वर 'वाळलेला रंग' असं लिहा आणि कचरा घेणाऱ्या ताईंना सांगून द्या. तो वितळवून काही बनत नाही, त्यामुळे त्याला रिसायकलच्या मालात घालू नका.

ऑइल पेंटचं प्रकरण वेगळं. इथे भुशाची युक्ती करू नका. टर्पेंटाइनमध्ये भिजलेला भुसा म्हणजे ज्वालाग्राही माल. तुमच्याकडे अर्धा डबाच आहे, तर तो संपवणं सगळ्यात सोपं: खिडक्यांच्या ग्रिलला आतल्या बाजूने एक हात, गॅलरीतलं लोखंडी स्टँड, टाकीच्या झाकणाची बिजागरी. हे सगळं रंगवून झाल्यावर अगदी तळाला दोन चमचे राहिले तर ब्रशने प्लायवूडच्या तुकड्यावर पातळ पसरवा आणि मोकळ्या हवेत, शेगडी-देव्हाऱ्यापासून लांब वाळू द्या. त्यापेक्षा जास्त असेल तर वाळवत बसू नका. तेवढं द्रावक, म्हणजे रंगातलं टर्पेंटाइन, हवेत सोडणं बरोबर नाही. झाकण रबरी हातोडीने चहूबाजूंनी ठोकून बसवा, डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, 'ऑइल पेंट – घातक' असं लिहा आणि सावलीत ठेवा.

तीन जागी उरलेला ऑइल पेंट जातो आणि जाऊ नये. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला तो वापरतात. बैल एकमेकांना चाटतात, शिंग गोठ्याच्या खांबाला घासलं की खपल्या गव्हाणीत पडतात. धुळवडीला पोरं तो एकमेकांच्या तोंडाला फासतात आणि मग काढायला रॉकेल वापरतात, डोळ्याला इजा होते ती वेगळीच. आणि होळीत डबा टाकतात. बंद डबा आगीत फुटतो, धूर विषारी, आणि भोवती सगळी वाडीची मुलं उभी असतात. या तिन्ही ठिकाणी 'उरलेला आहे, वापरून टाकू' हा विचार करू नका.

टर्पेंटाइन टाकायचीच नसते. रंगाने गढूळ झालेली टर्पेंटाइन काचेच्या बाटलीत भरून, बूच लावून, न हलवता ठेवून द्या. तीन-चार दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वर जवळजवळ स्वच्छ टर्पेंटाइन दिसते. ती अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या. ब्रश धुवायला ती पुन्हा तितकीच कामाची आहे. माझी माणसं एकच टर्पेंटाइन अशीच फिरवत राहतात. तळाचा गाळ ऑइल पेंटच्या डब्यात घाला, म्हणजे घातक कचऱ्याचा एकच डबा होतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा, आणि पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत ती अजिबात भरू नका. घरात मूल असो की म्हातारं माणूस, बाटली बघून तोंडाला लावणं एका क्षणात होतं. साठवण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा: मिनरल टर्पेंटाइनची वाफ साधारण ३० ते ४० अंश सेल्सिअसला पेट घेण्याजोगी होते. मे महिन्यात अकोला-चंद्रपुरात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बाटली काय स्थितीत असेल याचा विचार करा. थिनर याहून लवकर पेटतो. त्याला ना गॅलरीत ऊन लागू दे, ना किचनच्या माळ्यावर जागा दे.

चिंध्यांकडे कुणी बघत नाही. लाकडाला बेलतेल (जवसाचं तेल) किंवा तेलाचं पॉलिश मारून झालं की फडकी चुरगळून कोपऱ्यात फेकतात. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि त्यात उष्णता तयार होते. फडकं पसरलेलं असेल तर ती निघून जाते. बोळा असेल तर आतल्या आत साठते आणि काही तासांत, काडी न लावता, बोळा पेट घेऊ शकतो. फडकी तारेवर एकेक करून पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा. सुतारकाम चालू असलेल्या घरात, जिथे भुश्याचा ढीग पडलेला असतो, तिथे हे मी रोज संध्याकाळी स्वतः बघतो.

मेलामाइन आणि हार्डनर आतापर्यंत वेगवेगळे राहिले असतील तर तसेच राहू द्या. दोन्ही एकमेकांत ओतून झाकण लावू नका. मिश्रण घट्ट होताना गरम होतं आणि बंद डबा फुगतो. सुतार तुमच्याच भागातला असेल तर त्याला विचारा, मुदतीतला माल तो आनंदाने नेतो. मुदत गेली असेल तर ऑइल पेंटच्या सोबतीला, घातक कचऱ्यात. स्प्रे पेंटचा कॅन असेल तर पुठ्ठ्यावर मारून पूर्ण रिकामा करा, त्याला भोक पाडू नका.

माळ्यावरच्या गंजक्या डब्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खासकरून पिवळ्या, लाल, केशरी आणि हिरव्या छटांत, शिसं असण्याची शक्यता बरीच असते. ते लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. हे डबे उघडू नका, कुणाला देऊ नका, अंगणवाडीच्या झोपाळ्याला किंवा पाळण्याला तर मुळीच लावू नका. जुन्या वाड्याच्या दरवाज्यावरचा थर काढायचा असेल तेव्हाही कोरडा पॉलिश पेपर मारू नका. पाणी शिंपडून ओला घासा, खाली प्लॅस्टिक अंथरा, खरवडलेला चुरा गोळा करून त्याच घातक कचऱ्यात द्या. झाडूने उडवला तर तो घरभर बसतो.

आता हा घातक कचरा द्यायचा कुणाला? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रंगाचे टाकलेले डबे, कीटकनाशकांचे कॅन, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं यांना 'घरगुती घातक कचरा' म्हटलं आणि तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवणं आपल्यावर टाकलं. पालिकांना त्याच नियमांनी सांगितलं की दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र उघडा. तिथून माल अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जायचा असतो; आपल्या राज्यात तशी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे आहेत. प्रत्यक्षात बहुतेक शहरांत केंद्र कुठे आहे हे नागरिकाला माहीत नसतं, आणि काही ठिकाणी ते कागदावरच आहे. म्हणून एकट्याने डबा घेऊन फिरू नका. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सहीने वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाला पत्र द्या: आमच्याकडे इतके डबे घरगुती घातक कचरा आहे, संकलन केंद्र कुठे, किंवा गाडी कधी येईल. दहा घरांचे डबे एकत्र असले की दखल घेतली जाते, हा माझा अनुभव आहे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईनंतर, हे करता येतं. तोवर डबे पंप हाऊसच्या सावलीत, कुलपात ठेवा.

परदेशातल्या मराठी मंडळींना हे सोपं आहे. अमेरिकेत ऑरेगॉनने २००९ साली कायदा केला, मग कॅलिफोर्नियासह इतर राज्यं आली. तिथे डबा विकत घेतानाच थोडं शुल्क भरलेलं असतं आणि उरलेला रंग ठरलेल्या रंगाच्या दुकानात परत देता येतो. थिनर आणि स्प्रे कॅन मात्र त्या योजनेत घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात २०१६ पासून अशीच योजना आहे, लिटरमागे १५ सेंटने सुरू झालेली. आपल्याकडे रंगाचा खप एवढा मोठा असताना कंपन्यांवर अशी जबाबदारी का नसावी, हा प्रश्न आपण ग्राहकांनी विचारायला हवा.

रिकामे डबे. पत्र्याचा डबा आतून खरवडून, झाकण उघडं ठेवून वाळवा, मग भंगारवाला घेतो. ओला डबा दिला तर भंगाराच्या गोदामात तो जाळून साफ केला जातो आणि तो धूर तिथल्या कामगारांच्या छातीत जातो. वीस लिटरची प्लॅस्टिकची बादली आपल्याकडे कुणी फेकतच नाही, आणि चांगलंच आहे. मोरीत, बागेत, बांधकामावर खुशाल वापरा. पिण्याचं पाणी, पीठ, लोणचं तिच्यात भरू नका.

आणि पुढच्या वेळी उरणारच नाही असं बघा. कार्पेट एरियाच्या तीन ते साडेतीन पट भिंत आणि सीलिंग धरा. ६०० चौरस फुटांच्या फ्लॅटला अंदाजे २,००० चौरस फूट झालं. पुट्टी-प्राइमर केलेल्या भिंतीवर दोन हातांना लिटरमागे ६० ते ७० चौरस फूट निघतात, म्हणजे ३० लिटरच्या आसपास पुरतो. कुणी ४० सांगितला तर खोलीवार हिशेब मागा. काही कंपन्यांच्या डब्यात पेंटरसाठी टोकन असतं, जितके डबे उघडतील तितका त्याला फायदा; मजुरीवर काम दिलं असेल तर हे ध्यानात ठेवा. मटेरियलसह ठेका दिलात तर उरलेला माल ठेकेदाराने न्यायचा, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. शेवटचा डबा शेवटच्या दिवशीच आणा. न उघडलेला पांढरा डबा बरेच दुकानदार बिलावर परत घेतात. मशीनवर शेड काढलेला मात्र कुणी घेत नाही.

घर नव्याने रंगवलंय, तर प्रत्येक शेडचा पाव लिटर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा. खिळ्याची भोकं, सोफा घासून पडलेले ओरखडे यांना तेवढा पुरतो. बरणीवर खोली, शेडचा कोड आणि तारीख लिहा, आणि बाकीचे डबे घराबाहेर काढण्याआधी त्यांच्या लेबलांचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. दुकानदाराला तो कोड दाखवला की पुढच्या वेळी चार लिटरऐवजी एकच लिटर काढून मिळेल.